जुनी गाडी आणि आनंदाचा सद्गुण

आमच्या धर्मग्रामासाठी मोटारगाडी घ्यावयाची होती. परभणी जिल्ह्यातील धर्मग्राम म्हणजे वसईतील धर्मग्राम नव्हे, की चर्चची घंटा वाजली आणि पायी चालत सारा गाव मिस्सेला हजर झाला. येथे दोन कुटुंबे जिंतूरच्या डोंगराकडे, चार सेलूच्या बाजूला, काही गंगाखेडला गोदावरीच्या काठी, तर काही पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत अशी आमची प्रजा विखुरलेली. आजवर हे सारे अंतर आम्ही मोटारसायकलीने कापीत आलो. परंतु पन्नाशी ओलांडल्यावर पाठीचे मणके मराठवाड्याच्या रस्त्यांचा हिशेब मागू लागले आणि डॉक्टरांनी दुचाकी सोडण्याचा सल्ला दिला. महागुरुस्वामींची संमती मिळाली. धर्मग्रामाच्या निधीतून एक लाख आणि भाविकांच्या वर्गणीतून पन्नास हजार, असे दीड लाख रुपये उभे राहिले. एवढ्या रकमेत नवी गाडी येत नाही. तेव्हा जुनीच घ्यावी, हे ठरविण्यास कोणाला फार विचार करावा लागला नाही.

विचार करावा लागला तो पुढे. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एका सभासदाने विचारले, "फादर, तुम्हाला स्वतःला कशी गाडी पाहिजे?" आम्ही मनात होते ते सांगून टाकले. "स्वस्त पाहिजे, आणि चालविताना आनंद वाटेल अशी पाहिजे." काही जण हसले. मागच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. कापूस वेचणीच्या मजुरीतून त्यांनी पाचशे रुपये वर्गणी दिली होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारले, "आनंद कशाला हो, फादर? गाडी चालली म्हंजे झालं की."

प्रश्न वाजवी होता. विचारणाऱ्याचा अधिकारही मोठा होता. पाचशे रुपयांसाठी किती ओंजळी कापूस वेचावा लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने या प्रश्नाला थातुरमातुर उत्तर देऊ नये. त्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो, "आजी, विचार करून सांगतो." हा लेख म्हणजे तो विचार आहे.

प्रथम आजींची बाजू पाहू, कारण ख्रिस्तसभा बव्हंशी त्यांच्याच बाजूची आहे. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, ते संन्यस्त बंधूभगिनी घेतात. तथापि १९८३ च्या धर्मविधानातील २८२ वे कलम आम्हांला साधे जीवन जगण्यास आणि ज्याला बडेजावाचा वास येतो अशा गोष्टींपासून दूर राहण्यास सांगते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये रोम येथे सेमिनरीचे विद्यार्थी आणि नवशिक्या व्रतस्थांशी बोलताना हा विषय अगदी मोटारगाडीपर्यंत आणून भिडविला होता. नव्यातल्या नव्या गाडीतून धर्मगुरू वा धर्मभगिनी फिरताना दिसल्या की आपल्याला वेदना होतात, कामासाठी गाडी लागते हे खरे, पण ती साधी निवडावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षी सप्टेंबरात वेरोना भागातील एका धर्मगुरूंनी आपली १९८४ सालची, सुमारे तीन लाख किलोमीटर धावलेली रेनो-४ गाडी त्यांना भेट दिली, आणि पोप महोदयांनी ती आनंदाने स्वीकारली. आमच्या देशातील उदाहरण याहून जुने आहे. १९६४ साली मुंबईला आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली, तेव्हा पोप सहावे पॉल यांनी आपल्या वापरासाठी आलेली पांढरी लिंकन गाडी जाताना मदर तेरेसा यांना दिली. मदर त्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे वळविला.

एवढे सारे वाचून आजींचा प्रश्न अधिकच धारदार होतो. साधेपणा हवा, मान्य. मग त्यात आनंदाची अट कोठून आली?

येथे आमच्या मदतीला सेमिनरीतील जुनी पुस्तके आली. संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातील धर्मपंडित. त्यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' ग्रंथात खेळ आणि विनोद यांत सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न घेतला आहे. त्यांचे उत्तर होकारार्थी आहे. अॅरिस्टॉटलने ज्याला 'युट्रपेलिया' म्हटले, त्या प्रसन्नपणाला ते सद्गुणांत जागा देतात. शरीर थकते तसा आत्माही थकतो आणि त्याची विश्रांती आनंदात असते, असे ते म्हणतात. तेथे ते प्राचीन काळचे कॅशियन यांनी नोंदविलेली संत योहानाची एक कथा सांगतात. शुभवर्तमानकार योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना अवघडल्यासारखे झाले. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धराला बाण सोडावयास लावले, आणखी सोड, आणखी सोड म्हटले, आणि मग विचारले, असे अखंड करीत राहशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, योहानाने सांगितले. अक्वायनस इतक्यावर थांबत नाहीत. आनंदाचा अतिरेक जसा दोष आहे, तसा स्वतः कधी हसावयाचे नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही अडसर व्हावयाचे, हाही दोषच, असे ते बजावतात.

मात्र आनंदाला त्यांनी तीन कुंपणे घातली आहेत. तो अभद्र किंवा कोणास इजा करणारा नसावा. त्याच्या पायी मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये. आणि तो व्यक्ती, वेळ व स्थळ यांना शोभणारा असावा. ही तीन कुंपणे वाहन चालविणाऱ्यास जशीच्या तशी लागू पडतात, हे पाहून आम्हांला मोठी मौज वाटली.

आता आनंद देणारी गाडी म्हणजे कोणती? पुष्कळांचा समज असा की मोठे इंजिन, उंच बैठक आणि रस्त्यावरच्या माणसांनी बाजूला व्हावे असा भोंगा, म्हणजे आनंद. आमचा अनुभव निराळा आहे. चालविण्याचा आनंद बहुतांशी हलकेपणातून येतो. गाडीचे वजन कमी असले की लहान इंजिनही तिला चटकन पुढे नेते, ब्रेक लावताच ती लवकर थांबते, वळणावर कलंडत नाही, आणि चाकाखाली डांबर आहे की मुरूम आहे हे स्टेअरिंगवरच्या बोटांना कळते. जड गाडी चालकाला रस्त्यापासून तोडते, हलकी गाडी त्याला रस्त्याशी जोडून ठेवते. आणि लहान इंजिनाकडून काम करून घ्यावयाचे तर योग्य क्षणी योग्य गिअर टाकावा लागतो. म्हणजे चालकाला काम उरते. ज्या कामात माणसाला काही करावयाचे उरतच नाही, त्यात तो रमत नाही.

हलकेपणाचा दुसरा गुण असा की तो स्वस्त असतो. हलक्या गाडीला पेट्रोल कमी लागते, टायर लहान व कमी किमतीचे लागतात, क्लच आणि ब्रेक सावकाश झिजतात. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएन कंपनीने 'दोन अश्वशक्ती' अशा नावाची एक गाडी प्रदर्शनात मांडली. शेतकऱ्याने अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून ती न्यावी आणि एकही अंडे फुटू नये, ही तिच्या रचनेची अट होती. पहिल्या गाडीचे इंजिन अवघे ३७५ सीसीचे. ज्याने आषाढात काळ्या जमिनीच्या पांदीतून चाके ओढली आहेत, त्याला ही अट करणाऱ्याचे पाय जमिनीवर होते हे लगेच पटेल. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० याच जातीची. इंजिन ७९६ सीसीचे, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर लक्षावधी कुटुंबांनी तिच्यावरच गाडी चालविणे शिकून घेतले होते.

तर शोध सुरू झाला. आमच्याबरोबर आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री होते. सारी परभणी त्यांना चाचा म्हणते, म्हणून आम्हीही चाचाच म्हणतो. पहिली गाडी परिषदेतील काहींच्या आग्रहाखातर पाहिली. ती होती एक मोठी डिझेल जीपवजा गाडी, दीड टनाहून अधिक वजनाची. "फादरांची गाडी म्हणजे चर्चची शान," असे आग्रह करणाऱ्यांचे म्हणणे. शान होती खरी, पण टायरांचा एक संच आणि एक मोठी दुरुस्ती निघाली असती, तर वर्षाची वर्गणी तिच्या पोटात गेली असती. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या पूर्वजांनी गाड्या येण्यापूर्वीच सांगून ठेवले आहे.

दुसरी गाडी पाहिली आणि आमचा जीव गुंतला. ती २००५ सालची मारुती झेन होती. १९९३ साली झेन प्रथम रस्त्यावर आली, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो आणि खिडकीतून तिचा गोलसर आकार डोळे भरून पाहत होतो. ९९३ सीसीचे अॅल्युमिनियमचे इंजिन, ठेंगणी बांधणी, पाच गिअर. पाथरी रस्त्यावर आम्ही तिला थोडी चालवून पाहिली. वळणावर ती अशी वळली, की जणू आमच्या मनातील विचार तिला आधीच कळला होता. चाचा शेजारी मुकाट बसून होते. परत आल्यावर त्यांनी पायाखालचे जाजम उचलले आणि पत्र्यावर पेचकस टेकविला. पेचकस आत गेला. पत्रा गंजून कागद झाला होता. शिवाय पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पुन्हा तपासणी, पुन्हा फी, पुन्हा पर्यावरण कर. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. मराठवाड्यातल्या उसाचाच त्यात अंश असेल, पण त्या काळच्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नव्हेत. "फादर," चाचा म्हणाले, "गाडी लई गोड हाय. पन खालून गेलेली हाय. गोडावर जाऊ नका." आम्ही किल्ली परत केली. मन थोडे जड झाले, हे वाचकांपासून कशाला लपवावे? परंतु आनंद ज्या पत्र्यावर उभा राहणार, तो पत्राच शाबूत नसेल, तर तेथे अक्वायनस यांचे पहिलेच कुंपण मोडते.

तिसरी गाडी २०१३ सालची अल्टो के-१०. दिसावयास अगदी सामान्य. नवऱ्या मुलीला पाहावयास जावे आणि लक्षात शेजारीण राहावी, तशी ही दिसणारी नव्हे. परंतु ९९८ सीसीचे इंजिन आणि वजन पाऊण टनाच्या घरात, हा मेळ चालविणाऱ्याला पहिल्या मैलातच कळतो. चाचांनी तिची जी परीक्षा घेतली ती येथे सांगतो, कारण आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे पहिली गाडी जुनीच घेत असतात.

गाडी पाहावयास भल्या सकाळी जावे आणि प्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा. इंजिन थंड असले पाहिजे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर थंडीत सुरू न होण्याचा दोष झाकला जातो. इंजिनात तेल घालण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर पाणी तेलात मिसळत असण्याची शंका घ्यावी. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन तेल जाळते आहे, काळा आला तर पेट्रोल जास्त जळते आहे, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात आहे असे समजावे. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच चांगला. ते गुरगुरतच राहिले तर क्लच झिजलेला. टायर एकाच कडेने झिजले असतील तर चाकांची मांडणी बिघडलेली असते. किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो, म्हणून त्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पाहावे, ते सहसा खोटे बोलत नाही. दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, रंगाच्या छटांतील फरक, बोल्टांवर पान्याचे ओरखडे, सारे नजरेखालून घालावे. मग कागद. नोंदणी पुस्तकातील चासी नंबर गाडीवरील नंबराशी जुळतो काय, बँकेचे कर्ज फिटून त्याची नोंद उतरविली आहे काय, दंडाची थकबाकी आहे काय, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू आहे काय. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन परिवहन कार्यालयात नाव बदलून घेतल्याखेरीज गाडी आपली झाली असे मानू नये. नाहीतर पैसे आपण द्यावे आणि मालक दुसराच राहावा, अशी गत होते.

अल्टो या परीक्षेस उतरली. किंमत एक लाख पंचवीस हजार ठरली. उरलेल्या पंचवीस हजारांतून चार नवे टायर घेतले, ब्रेकची पूर्ण दुरुस्ती केली, बॅटरी बदलली आणि विमा नावावर करून घेतला. या क्रमातही एक विचार होता. त्या काळच्या बहुसंख्य स्वस्त गाड्यांत आजच्यासारख्या हवेच्या सुरक्षा-पिशव्या नाहीत, आमच्या गाडीतही नाहीत. म्हणून टायर, ब्रेक आणि पट्टा यांवर आम्ही काटकसर केली नाही, आणि वेगाची हौस धरली नाही. सुदैवाने हलक्या गाडीची गंमत ताशी पन्नासच्या वेगातच कळते, तिच्यासाठी शंभर गाठावे लागत नाही.

आता आजींना द्यावयाचे उत्तर. ते आम्हांला एका रात्री सापडले. जिंतूरच्या पलीकडील एका वस्तीवरून निरोप आला, म्हातारबाबा अत्यवस्थ आहेत. पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही निघालो. मास्तर सोबत होते. अवकाळी पाऊस कोसळत होता. त्या रात्री चालविण्याचा आनंद वगैरे काही मनात नव्हते. ओठांवर जपमाळ होती आणि डोळे रस्त्याच्या कडेवर. चढणीच्या एका वळणावर डोंगरातून वाहून आलेली खडी पसरलेली होती. मागची चाके किंचित सरकल्याचे हाताला कळले, डोळ्यांना दिसण्यापूर्वी कळले, आणि विचार करण्याआधी पाय पेट्रोलवरून अलगद उठला. गाडी सावरली. मास्तरांना काही घडल्याचे समजलेही नाही. म्हातारबाबांनी शुद्धीत असताना अभ्यंग आणि प्रभुभोजन स्वीकारले. पहाटे आम्ही त्यांना मागच्या आसनावर आडवे करून मुलासह जिंतूरच्या दवाखान्यात पोहोचविले. पुढे आठ दिवसांनी ते प्रभुघरी गेले, ते कुटुंबीयांच्या मांडीवर, सर्वांचा निरोप घेऊन.

परतीच्या वाटेवर उलगडा झाला. त्या वळणावर जो हात शहाणा निघाला, तो आनंदाने शिकलेला होता. गेले कित्येक आठवडे गंगाखेडला, सेलूला, पूर्णेला जाता-येता आम्ही ही गाडी आवडीने चालविली होती. ती कोठे कुरकुरते, ओल्या रस्त्यावर केवढ्यात थांबते, कोणत्या वेगाला कोणता गिअर मागते, हे आवडीपोटी आपोआप कानाहाताला कळले होते. जे आवडते त्याकडे माणूस लक्ष देतो. आणि लक्ष हेच रस्त्यावरचे निम्मे रक्षण आहे. नावडत्या गाडीत बसलेला माणूस केवळ पोहोचण्याची वाट पाहत असतो.

आणखी एक गोष्ट आमच्या भेटींच्या वहीत दिसते. मोटारसायकलच्या शेवटच्या वर्षी पाठदुखीच्या धाकाने आम्ही दूरच्या कुटुंबांकडे महिन्याकाठी एकदा जात असू, तेही "जावयास हवे" म्हणून. आता दोनदा, कधी तीनदा जाणे होते. निघावयाचा कंटाळा उरला नाही. साधूसंतांनी ज्याला आध्यात्मिक आळस म्हटले, त्याचे एक औषध एवढे साधे असेल असे आम्हांला वाटले नव्हते. आमच्या जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दळणकांडणाच्या कष्टांतच त्या माउलीला देवाची सोबत सापडली आणि जात्यापाशी तिची वाणी फुलली, हे मराठवाड्यातील प्रत्येक दळणाऱ्या स्त्रीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जाते तेच, पीठ तेवढेच. पण गात दळणारी बाई उद्या पुन्हा जात्यावर बसते.

हेच आम्ही आजींना पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सांगितले, अक्वायनस वगळून. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मंग आमच्या वस्तीवर बी या की त्या आनंदानं." त्यांच्या वस्तीचा दिवस आता गुरुवार ठरला आहे.

प्रिय वाचकहो, लग्नसराई आली की आपल्या कुटुंबांतून कर्ज काढून मोठी गाडी दारात उभी करण्याची चढाओढ लागते. हप्ते फेडताना तीच गाडी घरातील बोलणे-हसणे हिरावून घेते. ज्यांना गाडीची खरोखर गरज आहे त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ऐपतीतली घ्या, हलकी घ्या, खालून गंजलेली नाही ना हे पाहून घ्या. आणि ती हौसेने चालवा. शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे असेल, तर सर्वांआधी तुमचीच गाडी निघू द्या.